मॅथ्सवाल्यांना काम देतं तरी कोण? नाशिकमध्ये शोधलं त्याबद्दल

बीएस्सी मॅथ्स म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, मग बीएड करणार का? नाही म्हटलं की दुसरा, मग बँकेच्या परीक्षा? झालं, विषय संपला. आमच्या निफाडकडे तर मॅथ्सची पोरगी म्हणजे पुढे जाऊन क्लास घेणार एवढंच लोकांना माहितीये, आणि त्यांचं तरी काय चुकतंय, त्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही. मी आत्ता एमएस्सी स्टॅटच्या शेवटच्या वर्षाला आहे, बीएस्सी पण नाशिकमध्येच झालं, मॅथ्स आणि स्टॅट दोन्ही घेऊन. मधल्या सुट्ट्यांमध्ये जे काही थोडंफार काम केलं त्याबद्दल ज्युनियर मुलं सारखी विचारतात, ताई इंटर्नशिप कुठे मिळाली, ताई मॅथ्सला कोण घेतं, तर प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी जॉब पोर्टलवर मॅथेमॅटिक्स इंटर्न, नाशिक असं शोधणं बंद करा. काही येत नाही. येतात त्या शिकवण्या, नाहीतर "डेटा सायन्स इंटर्नशिप, आजच फी भरा" वाल्या जाहिराती (त्यांच्याबद्दल पुढे बोलते, राग आहे माझा). मॅथ्स नावाचं डिपार्टमेंट कुठल्याच कंपनीत नसतं हो. तिथे क्वालिटी असतं, प्लॅनिंग असतं, स्टोअर असतं, कॉस्टिंग असतं, सरकारी ऑफिसात सांख्यिकी शाखा असते, विमा कंपनीत अॅक्चुरिअल (जोखमीचं आणि हप्त्याचं गणित) असतं. म्हणून मी पदाचं नाव शोधणं सोडून दिलं आणि रोज आकडे कुठे लिहिले जातात आणि लिहून तसेच पडून राहतात ते बघायला लागले. आणि तसं बघायला लागलं की नाशिकमध्ये काम काढण्यासारख्या जागा खूप दिसतात, सातपूर-अंबडच्या कंपन्या, लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्या, धरणाचं पाणी, पीक विमा, आणि आता तर २०२७चा सिंहस्थ.

मला पहिलं काम मिळालं ते अंबडमधल्या एका मशीनिंगच्या युनिटमध्ये, नाव लिहीत नाही. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे जे व्हेंडर असतात ना, त्यातलं एक. आधी एचआरनी सरळ सांगितलं की आम्ही डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगचीच मुलं घेतो, बीएस्सीचं आमच्याकडे काही नसतं. त्यांचं बरोबरच होतं त्यांच्या जागी. पण ओळखीच्या काकांनी क्वालिटीच्या सरांशी फोनवर बोलणं करून दिलं आणि सरांनी एकच विचारलं, एसपीसी येतं का? आता एसपीसी म्हणजे स्टॅटिस्टिकल प्रोसेस कंट्रोल, ते आमच्या सिलॅबसमध्ये होतं, वॉल्टर शूहार्टनी १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट (प्रोसेस ताब्यात आहे का ते मोजमापांवरून बघायचा आलेख) काढला तिथपासून सगळं पाठ होतं, पाच-पाच रीडिंगच्या गटाला, म्हणजे सबग्रुपला, चार्टच्या मर्यादा काढायचा आकडा ए-टू ०.५७७ हे पण तोंडपाठ. म्हटलं येतं. म्हणाले, या सोमवारी, पैसे मिळणार नाहीत, जेवण कँटीनला.

आणि इथे खरी गंमत आहे. चार्ट काढणं हे काम नव्हतंच, एक्सेलची शीट त्यांच्याकडे तयार होती, आकडे टाकले की चार्ट आपोआप येतो. काम होतं ते चार्टकडे बघणं, आणि ते करायला कोणाला वेळ नव्हता. एका पार्टचा बोअर (आतलं गोल भोक) होता, ड्रॉइंगवर २५ मिलिमीटर, प्लस-मायनस ०.०२. दर तासाला पाच जॉब मोजायचे आणि रजिस्टरला लिहायचे (शॉपवर पार्टला जॉब म्हणतात, मला आधी कळायचंच नाही हे लोक कसल्या जॉबबद्दल बोलतायत). मागच्या काही महिन्यांची रजिस्टरं घेऊन बसले तर रीडिंग फक्त तीनच प्रकारची, २४.९८, २५.००, २५.०२. चौथं नाहीच. कितीतरी सबग्रुपमध्ये पाचही रीडिंग सेम, म्हणजे रेंज शून्य. चार्ट इतका गुळगुळीत की बघून कस्टमर खूश व्हावा. पण पुस्तकात हे पण लिहिलेलं असतं की सगळे पॉइंट मधल्या रेषेला चिकटून राहिले तर तेही चांगलं लक्षण नाही, फक्त परीक्षेत तो प्रश्न दोन मार्काला येतो म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही.

मग मशीनजवळ जाऊन उभी राहिले. मोजायला बोअर गेज पाहिजे होता, तो कॅलिब्रेशनला गेलेला आणि परत आल्यावर दुसऱ्या लाइनला लागलेला, इथे व्हर्निअरनी मोजत होते. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यानी मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२. एकूण टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ०.०४. मग तीनच रीडिंग येणार, दुसरं येणार काय! मोजमापाचा साधा नियम असा की तुमचं साधन टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत तरी मोजू शकलं पाहिजे, म्हणजे इथे ०.००४ पर्यंत. ह्यात कुठलंही मोठं गणित नाही, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लीस्ट काउंट काढलेलंच असतं सगळ्यांनी. पण ते प्रॅक्टिकल आणि स्टॅटचा पेपर हे डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत पडलेलं असतं, ते एकत्र यायला मशीनच्या आवाजात उभं राहावं लागलं. सरांना दाखवलं तर ते हसायला लागले, म्हणाले "मॅडम, आता हे कस्टमरला कसं सांगू तेही सांगा." (तिथे सगळे मॅडमच म्हणतात, वय काहीही असो.)

बोअर गेज आला आणि खरी रीडिंग यायला लागली तेव्हा अजून एक गोष्ट दिसली, चार्ट करवतीच्या दातांसारखा. हळूहळू खाली, मग एकदम वर, परत हळूहळू खाली. मी घरून नेल्सनचे रूल (चार्टवरची गडबड ओळखायचे नियम) वगैरे वाचून गेले होते, ट्रेंड कसा ओळखायचा, काय काय. मशीनवरच्या दादांनी एका वाक्यात सांगितलं, इन्सर्ट (कापणारं पातं) झिजतो ना, बोअर लहान होत जातो, मग आम्ही ऑफसेट देतो, म्हणजे टूल तेवढं सरकवतो. झालं. माझं पुस्तक धरून चाललेलं की एक रीडिंग आणि पुढचं रीडिंग यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि त्या दादांना बारा वर्षांपासून माहितीये की आहे. सीपीके नावाचा, प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते ते सांगणारा जो आकडा कस्टमर मागतो, साधारण १.३३ च्या वर पाहिजे म्हणतात, तो काढताना आपण धरतो की प्रोसेस स्टेबल आहे आणि रीडिंग नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनमध्ये आहेत, आणि इथे तर टूल झिजल्यामुळे तसं नव्हतंच. तो आकडा तरीही दर महिन्याला जात होता. ह्या एका गोष्टीवर माझं नंतरचं प्रोजेक्ट उभं राहिलं, ऑफसेट किती जॉबनंतर द्यावा म्हणजे बोअर मधोमध राहील आणि मशीन पण सारखं थांबवावं लागणार नाही. गणित म्हणून ते साधंच आहे, पण ते कॉलेजच्या लायब्ररीत बसून सुचलं नसतं.

तर सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथे असे शेकडो लहान-मोठे युनिट आहेत आणि जवळपास प्रत्येक ऑटो व्हेंडरला एसपीसी, एमएसए (मोजमाप कितपत भरवशाचं ते तपासणं), पीपीएपी (पार्टला कस्टमरची मंजुरी) ह्यांची कागदं करावी लागतात. मोठ्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीच आत सोडत नाही, तिथे इंटर्नशिप हवी तर कॉलेजमार्फत आणि बहुतेक इंजिनिअरिंगवाल्यांनाच. लहान युनिटमध्ये मालक स्वतः भेटतो. निमा आणि आयमा ह्या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांची प्रदर्शनं भरतात तिथे स्टॉलवर जाऊन बोला, पेन आणि पिशवी गोळा करून परत येऊ नका. आणि जाताना "सर काहीही काम द्या" असं म्हणू नका प्लीज. काहीही काम म्हणजे समोरच्यानी तुमच्यासाठी काम शोधायचं, त्याला कुठे वेळ आहे. त्यापेक्षा सरळ म्हणा की तुमच्या एका पार्टची मागच्या तीन महिन्यांची इन्स्पेक्शन रजिस्टरं द्या, मी त्यातून काय दिसतं ते दोन पानांत लिहून देते. असं म्हटलं की नाही म्हणणारे पण विचारात पडतात, कारण ती रजिस्टरं कपाटात धूळ खात पडलेली असतात आणि ऑडिटच्या आदल्या रात्री सगळ्यांना आठवतात.

आता कांदा. नाशिकवर लिहायचं आणि कांदा नाही असं कसं चालेल. कंपनीत कोणी घेत नसेल तर हे घरी बसून करता येतं आणि ह्याला कोणाची परवानगी लागत नाही. अॅगमार्कनेट ही केंद्र सरकारची साइट आहे, तिथे बाजार समितीनुसार रोजची आवक, किमान, कमाल आणि मोडल भाव मिळतो. राज्याच्या पणन मंडळाच्या साइटवर तेच कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर म्हणून असतं. लासलगावचा काही वर्षांचा डेटा उतरवून घ्या आणि बघा काय होतं. पहिले काही दिवस फक्त साफसफाई. सुट्टीचे दिवस गायब, दिवाळीत मार्केट बंद, मध्येच व्यापाऱ्यांचा बंद, काही ठिकाणी रिकामं आणि काही ठिकाणी शून्य, आणि ते शून्य म्हणजे आवक नव्हती की कोणी भरलंच नाही हे तुम्हीच ठरवायचं. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकत्र करून सरासरी काढली तर त्या सरासरीला काही अर्थ राहत नाही, उन्हाळ कांदाचाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) टिकतो, लाल टिकत नाही, म्हणून विकणाऱ्याची घाई वेगळी, भाव वेगळा. हे मला घरीच माहिती होतं, चाळ आमच्या घरामागेच आहे, पण पायथॉनला माहिती नसतं.

मी अरिमा मॉडेल (मागच्या आकड्यांवरून पुढचे सांगणारं) लावलं, दिसायला छान बसलं, आणि डिसेंबर २०२३ आला की सगळं आपटलं. कारण ८ डिसेंबरला केंद्रानी कांद्याची निर्यातच बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलेलं. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, मग सप्टेंबरमध्ये २० टक्के, मग एप्रिल २०२५ मध्ये शून्य. आता हे मागच्या भावांवरून कुठलं मॉडेल ओळखणार? आमच्या दादांना (वडिलांना, आमच्याकडे दादाच म्हणतात) मी ग्राफ दाखवला तर म्हणाले, "इलेक्शन कधी ते टाक ना त्याच्यात." मी हसले आणि नंतर खरंच एक कॉलम वाढवला, निर्यातीवर काय नियम चालू आहे त्याचा. मॉडेल थोडं सुधारलं, फार नाही. पण पुढे एका इंटरव्ह्यूला ह्यावरच जास्त वेळ बोलणं झालं, कारण तयार डेटासेटवर ९५ टक्के अॅक्युरसी दाखवणारे त्यांना रोज भेटतात, मॉडेल कुठे आणि का फसलं हे सांगणारं कोणी भेटत नाही.

आता तो राग. नाशिकमध्ये कॉलेज रोडला, गंगापूर रोडला आता गल्लोगल्ली डेटा सायन्सचे कोर्स निघालेत, शंभर टक्के प्लेसमेंट, आणि सोबत "इंटर्नशिप सर्टिफिकेट". एका ठिकाणी मी चौकशीला गेले तर इंटर्नशिप म्हणजे काय तर त्यांचेच व्हिडिओ बघायचे, टायटॅनिकच्या प्रवाशांचा तोच डेटासेट सोडवायचा आणि सर्टिफिकेटचे पैसे वेगळे. ज्या कामासाठी तुम्हीच पैसे भरताय ते काम नाही, तो क्लास आहे, मग त्याला क्लास म्हणा, काही हरकत नाही. शिकायचंच असेल तर एनपीटीईएल आणि स्वयम ह्या सरकारी साइटवर आयआयटीच्या प्रोफेसरांचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी.

विम्याकडे येते. अॅक्चुअरी हे नाव मी एसवायला पहिल्यांदा ऐकलं आणि तेही रीलवर, "मॅथ्सवाल्यांचा करोडपती जॉब" असलं काहीतरी. ते जाऊ द्या. पण विमा म्हणजे काय हे गावाकडच्या मुलांना शहरातल्यांपेक्षा चांगलं कळू शकतं असं मला वाटतं, कारण आपण पीक विम्याची भांडणं ऐकतच मोठे झालोय. पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन नावाचं प्रकरण असतं, मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर, आपल्याकडे तो ७० टक्के. समजा उंबरठा निघाला हेक्टरी १० क्विंटल आणि यंदा महसूल मंडळाचं (गावांच्या गटाचं) उत्पादन आलं ६ क्विंटल, तर तूट ४० टक्के, म्हणून विमा रकमेच्या ४० टक्के भरपाई. म्हणजे सगळा खेळ त्या ६ वर आहे. आणि तो ६ मुख्यतः येतो पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे रँडम नंबरनी शेत निवडायचं, शेतात परत रँडम नंबरनी जागा निवडायची, ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं.

ही पद्धत कोणी उभी केली माहितीये का? पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आपले सातारा जिल्ह्यातले, बुध गावचे. त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा ह्यावरून मोठा वाद झाला होता, महालनोबिस छोटे गोल तुकडे कापायला सांगायचे, सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा लहान असला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. सॅम्पलिंगच्या पेपरला आपण रॅशिओ एस्टिमेटर घोकतो आणि हे कोणी सांगत नाही. तुमच्या गावात खरिपाच्या शेवटी हा प्रयोग होतो, कृषी सहायक किंवा तलाठ्यांना आधीच विचारून ठेवा आणि उभं राहून बघा. सर्टिफिकेट नाही मिळणार. पण विमा कंपनीच्या इंटरव्ह्यूला सांगायला ह्याच्यापेक्षा चांगलं काय असणार.

अॅक्चुअरी व्हायचं तर इन्स्टिट्यूट ऑफ अॅक्चुअरीज ऑफ इंडिया, ही २००६च्या कायद्याखाली चालणारी संस्था आहे, आधी एसीईटी ही प्रवेश परीक्षा, ती बारावीनंतर पण देता येते, आणि मग एकेक पेपर, सीएस, सीएम, सीबी, पुढे सीपी, पुढे स्पेशालिस्ट. चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षांसारखंच आहे, वर्षानुवर्षं चालतं, बरेच जण दोन-तीन पेपर पास होऊन नोकरीला लागतात आणि बाकीचे नोकरी करता करता देतात. फी प्रत्येक पेपरची वेगळी भरावी लागते, घरी आधी बोलून घ्या. आणि स्पष्ट सांगते, नाशिकमध्ये ह्याची नोकरी जवळपास नाहीच, मुंबई, पुणे, गुडगाव, बेंगळुरू. ज्यांना इथेच राहायचंय त्यांनी ह्याच्या मागे लागू नये असं माझं मत.

सरकारी बाजू. इथे एक गोष्ट एफवायच्या मुलांनी आत्ताच वाचावी. इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस, यूपीएससीची परीक्षा, वय २१ ते ३०, त्याला पदवीला स्टॅटिस्टिक्स विषय असावा लागतो. नुसतं प्युअर मॅथ्स घेतलं आणि स्टॅट सोडलं तर हे दार बंद, पुढे स्टॅटमध्ये एमएस्सी केलं तरच उघडतं. उलट एसएससी, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेतून ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसरची पोस्ट असते, तिला पदवीला स्टॅट नसेल तर बारावीला मॅथ्समध्ये ६० टक्के असले तरी चालतं, पे लेव्हल ६, म्हणजे बेसिक ३५,४०० पासून. हे माझ्या वर्गातल्या अर्ध्या लोकांना माहिती नव्हतं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्यांचं जिल्हा कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असतं आणि ते जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन नावाचं पुस्तक काढतात. कंटाळवाणं दिसतं पण नाशिक जिल्ह्यात तालुक्यागणिक विहिरी किती इथपासून सगळं त्यात सापडतं, प्रोजेक्टला विषय मिळत नसेल तर तेच उघडा.

पाण्याचं पण सांगते थोडक्यात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळं नाशिक विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या (गोदाघाटावरच्या मूर्तीच्या) कुठपर्यंत पाणी आलं? ते आपलं पिढ्यान्पिढ्यांचं मोजमाप आहे आणि मला ते फार आवडतं. पण पूररेषा आखताना शंभर वर्षांत एकदा येणारा पूर असं जे म्हणतात त्याचा अर्थ शंभर वर्षांनीच येणार असा नसतो, दर वर्षी १ टक्का शक्यता असा असतो, आणि मग नदीकाठी ३० वर्षांच्या होम लोनवर घर घेतलं तर त्या काळात तो पूर एकदा तरी यायची शक्यता साधारण २६ टक्के. ०.९९चा तिसावा घात करा आणि १ मधून वजा करा, मोबाइलवर होतं. दिंडोरी रोडला मेरी आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, धरणं-पाणी ह्यावरच त्यांचं काम. सिव्हिलची मुलं तिकडे बघतात, आपली मुलं बोर्ड वाचून पुढे जातात.

सिंहस्थाचं तसंच. २०१५च्या सिंहस्थाच्या वेळी कुंभथॉन (कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधायचा उपक्रम) झालं होतं, त्यात नाशिकच्याच शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलांनी पायाचा दाब पडला की किती माणसं गेली ते मोजणारी चटई बनवली होती. २०२७ला परत तोच प्रश्न आहे, गर्दी, बसेस, पार्किंग, रांगा. रांगेचं एक साधं सूत्र आहे, लिटल्स लॉ, १९६१ मध्ये सिद्ध झालेलं. रांगेत १२०० माणसं आहेत आणि मिनिटाला २० आत जातायत तर शेवटच्याला तासभर लागणार, बस. सेवाभावी म्हणून नाव देणार असाल तर नुसतं पाणी वाटू नका, मिनिटाला किती माणसं जातात ते तासातासाला लिहून ठेवा, कोणी सांगितलं नसेल तरी.

रिसर्चकडे ज्यांना जायचंय त्यांना माझ्यापेक्षा तुमचे सर चांगलं सांगतील, तरी नावं लिहून ठेवते. एमटीटीएस, १९९३ पासून चालू आहे, उन्हाळ्यात चार आठवडे फक्त मॅथ्स, जाऊन आलेली मुलं वेगळ्याच भाषेत बोलायला लागतात. माधव मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन, पदवीच्या मुलांसाठी. तीन सायन्स अकादम्या मिळून समर फेलोशिप देतात, तिचा अर्ज आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपासच भरावा लागतो आणि सगळे फेब्रुवारीत जागे होतात. पुण्याला भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. एमएस्सीसाठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा, आयएसआय म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. पुढे.

आणि शिकवणं. त्याला नाकं मुरडणारी मी नाही. आपल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ एक मास्तर होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, पदवी नुसती बीएस्सी, आणि ६१७४ त्यांनी इथे बसून शोधला. करून बघा, ३५२४ घ्या, ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आला ६१७४. चारही अंक सारखे नसले की कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येऊन थांबतो. त्यांना आपल्याकडे लोक हसायचे, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी अमेरिकेत लिहिलं तेव्हा जगाला कळलं. मी स्वतः दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्यात आणि क्वालिटीच्या सरांना दोन पानांत रिपोर्ट समजावता आला तो त्या शिकवण्यांमुळेच. फक्त दुसरं काही दिसलंच नाही म्हणून बीएड, असं नको. आणि कॉलेजात शिकवायचं तर नेट-सेट, सेट आपल्याकडे पुणे विद्यापीठ घेतं.

पैशाचं सगळे विचारतात म्हणून सांगते, लहान युनिटमध्ये बहुतेक वेळा काही मिळत नाही, फार तर जाण्यायेण्याचे. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये निघाली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीला १० हजार महिना, पण शिक्षण चालू असणाऱ्यांना ती नाही, हे न वाचताच सगळे फॉर्म भरायला पळतात. शिक्षण चालू असताना तुमच्या हातात आहे ते ओजेटी, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ४ क्रेडिटचं ओजेटी आहे, साधारण १२० तास भरतात. बरीच मुलं ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून क्रेडिट उरकतात. तुमच्या क्रेडिटचं तुम्ही बघा, पण कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र घेऊन कुठल्याही ऑफिसात शिरायची अशी सोय परत मिळत नाही. ते पत्र एचओडींकडून सेमिस्टर संपायच्या आधीच घेऊन ठेवा, सुट्टी लागली की ऑफिसला कोणी नसतं. आणि पत्रावर कंपनीचं नाव रिकामं ठेवायला सांगू नका, देत नाहीत, आधी जागा नक्की करा.

आत गेल्यावर डेटा पेन ड्राइव्हवर घरी न्यायचा नाही, विचारल्याशिवाय मोबाइलनी फोटो काढायचे नाहीत, कंपनीत तर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. प्रोजेक्टमध्ये खरे आकडे टाकायचे असतील तर आधी लेखी विचारा, नाहीतर सगळ्या आकड्यांना एकाच संख्येनं गुणा, ग्राफचा आकार तोच राहतो. निघताना जे पत्र मिळतं त्यात नुसतं "समाधानकारक काम केले" असं नको, काय काम केलं ते एका ओळीत लिहून द्या म्हणून सांगा, शक्यतो ती ओळ तुम्हीच लिहून न्या, ते सही करतात.

मुलींसाठी एक, सकाळची शिफ्ट सात वाजता असते. अंबड-सातपूरला सिटीलिंकच्या बसेस आहेत पण आतल्या प्लॉटपर्यंत बरंच चालावं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी जनरल शिफ्ट मागून घ्या, देतात. आणि सेफ्टी शूज लागतील का ते फोनवर आधीच विचारा, चप्पल असली तर शॉपवर सोडत नाहीत.